लंडन ब्रिज गेलाय

आमच्या सहलीच्या बसमध्ये साताऱ्याचे एक निवृत्त सर होते. निवृत्त शाळेतून, इंग्रजीतून नव्हे. हीथ्रोहून हॉटेल येईपर्यंत त्यांनी अख्ख्या बसला पूर्ण वर्तमानकाळ शिकवायला घेतला होता. चिवड्याचा डबा हवा असेल तर आधी वाक्य म्हणायचं. "आय चिवडा ऑलरेडी हॅव ईटन," असं कुणी म्हटलं की डबा पुढच्या सीटवर. "कर्ता, हॅव, ईटन, मग चिवडा! ऑलरेडी हॅव आणि ईटनच्या मध्ये. आणि येट आलं की त्याला शेवटच्या बाकावर बसवा." बिनचूक म्हणणाऱ्यालाही चिवडा मिळत नसे. खाल्लायत ना? मग आता कशाला?

काळाची निवड मात्र अचूक होती. आपल्या सहली चालतातच पूर्ण वर्तमानकाळात. वेस्टमिन्स्टर ॲबी बघून झालंय, बाहेरून. बकिंगहॅम पॅलेस बघून झालाय, गजांमधून. 'बघतोय' म्हणायला बस थांबायला तर हवी!

अडत होतं ते शब्दांच्या क्रमापाशी. 'मी पूल पाहिलाय', 'पाहिलाय मी पूल', 'पूल पाहिलाय मी' – मराठीत काही बिघडत नाही, फार तर बोलणारा जरा नाटकी वाटतो. इंग्रजीत हॅव नुसतं कर्त्याच्या पुढे सरकलं की विधानाचा प्रश्न होतो.

थेम्सच्या काठी आमच्यातल्या डोंबिवलीच्या मावशींनी तेच केलं. समोर दोन मनोरे असलेला तो प्रसिद्ध पूल. शेजारून कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजोबांना त्यांनी मोठ्या अभिमानाने ऐकवलं, "हॅव आय सीन लंडन ब्रिज!"

आजोबा थांबले. कुत्राही थांबला. "नो मॅडम. यू हॅव सीन टॉवर ब्रिज."

सरांची पंचाईत झाली. वाक्य चुकलं होतं आणि प्रश्न बरोबर होता! 1894 साली खुला झालेला हा टॉवर ब्रिज. लंडन ब्रिज पश्चिमेला, करडा, सपाट, आपल्याकडच्या एखाद्या फ्लायओव्हरइतकाच देखणा. तोही 1973चा. त्याच्या आधीचा, 1831चा, लंडनकरांनी 1968 साली एका अमेरिकन उद्योगपतीला 24 लाख 60 हजार डॉलरला विकला. त्याचे दगड समुद्रापार नेऊन ॲरिझोनात लेक हवासू सिटीला पूल पुन्हा उभा केला. हे सगळं आजोबांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की पूल विकणं हा तिकडे भंगार देण्यासारखाच व्यवहार असावा.

सरांचा चेहरा उजळला. "लिहून घ्या! लंडन ब्रिज हॅज गॉन टू ॲरिझोना. गॉन! म्हणजे गेलाय, परतलेला नाही. आपण साताऱ्याला पोचल्यावर काय म्हणायचं? वी हॅव बीन टू लंडन."

"अगंबाई, आमचा बंटी फीनिक्सलाच असतो की!" मावशींनी तिथूनच मुलाला फोन लावला. तिकडे पहाटेचे सहा. "अरे, जो पूल बघायला एवढे पैसे घातले तो तुझ्याच राज्यात आहे म्हणे!" पलीकडून झोपाळलेला आवाज आला, "आई, डिड यू ईट येट?"

"येट आणि डिड?" सर ताडकन उठले. अमेरिकेत सर्रास असं बोलतात, हे मी सांगून पाहिलं. पण सरांनी फोन काढून घेतला होता, आणि बंटीकडून 'हॅव यू ईटन येट' घोकून घेणं सुरू होतं, मावशींच्या रोमिंगवर.