दिवसा जोडा, रात्री सोडा

लखनौच्या इतिहासात मला आपला वाटणारा माणूस एकच, नवाब असफउद्दौला. 1784 च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून त्यानं बडा इमामबाडा बांधायला घेतला. दिवसा मजुरांनी बांधायचं आणि रात्री, तोंडं ओळखू येणार नाहीत अशा अंधारात, हलाखीतल्या खानदानी मंडळींनी ते पाडायचं, असं इथे सांगतात. इतिहासकारांनी काय मान हलवायची ती हलवावी. आमच्या जेवणाच्या टेबलावर मेकॅनोचं तेच चालतं, त्यामुळे मला शंका नाही. फक्त त्या इमामबाड्याचं मधलं दालन पन्नासेक मीटर लांब असून त्याला ना तुळई ना मधे खांब, हे जरा मनाला लागतं. एवढं मोठं काम आणि एक नट नाही!

हिच्या नोकरीमुळे आम्ही बख्शी का तालाबला, सीतापूर रोडच्या आतल्या बाजूला भाड्यानं राहतो. मी निवृत्त आहे. लोक त्याला रिकामा म्हणतात. मी रिकामा नाही, माझ्या पट्ट्या कमी पडतात.

या पट्ट्यांना दर अर्ध्या इंचावर भोक. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं 1901 साली याचं पेटंट घेतलं, 1907 मध्ये मेकॅनो हे नाव दिलं. त्याचा तिथला बिन्स रोडचा कारखाना 1979 मध्ये बंद पडला. आमच्या समोरची सीतापूरची मीटर गेज उखडून ब्रॉड गेज झाली. अर्धा इंच मात्र आहे तिथंच आहे.

गोची होते ती नटांची. माझा संच वडिलांच्या वेळचा, त्याचे बोल्ट 5/32 इंची, व्हिटवर्थ आट्यांचे. लाटूश रोडवरच्या एका दुकानदारानं बोल्ट डोळ्याजवळ धरला आणि सांगितलं, "चार एमएम. बिल्कुल वही चीज़ है, साहब." जाडी खरंच जवळपास तेवढीच. पण जुन्या बोल्टला इंचात 32 आटे, चार एमएमच्या नेहमीच्या बोल्टला 36 च्या आसपास. म्हणून तो नट पहिले दोन वेढे गोडीगुलाबीनं चढतो, मग असा रुसून बसतो की पान्यानं समजूत घालावी लागते. त्यात तो उडून फ्रिजखाली गेला, की मी पालथा पडून झाडूच्या दांड्यानं शोधमोहीम काढतो. त्याच वेळी कोणीतरी पाहुणा येतो.

गेल्या महिन्यात क्रेन झाली. मोटरपुढे वर्म, वर्मला 57 दाती चाक. म्हणजे मोटरनं 57 गिरक्या घ्याव्यात तेव्हा चाकानं एक. मिठाची डबी वर चढायला लागली. "अहो, डाळ गार झाली," ही म्हणाली. तेवढ्यात बत्ती गुल. पण वर्मची खुबी अशी, की तो चाकाला फिरवतो, चाकाला त्याला फिरवता येत नाही. वीज आली तेव्हा डबी होती तिथंच, हवेत. या गावात वर्मइतकं भरवशाचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

क्रेन झाली म्हणजे संपलीच. मला ट्रकचे वेध लागले, त्यातही डिफरन्शियलचे. वळणावर आतलं चाक हळू चालतं, बाहेरचं जोरात, आणि एकाच इंजिनावर दोघांचं भागतं. हे यंत्र लखनौत न जन्मता फ्रान्समध्ये कसं जन्मलं कोण जाणे. दोन चाकं आयुष्यभर एकमेकांना 'पहले आप' म्हणतात!

मकानमालक संध्याकाळी भाडं न्यायला आले. सगळा पसारा पाहून अदबीनं म्हणाले, "भाईसाहब, यह बनेगा कब?"

हिनं आतूनच उत्तर दिलं, "बन तो परसों गया था."

ते बसले. चहा घेतला. अर्धवट डिफरन्शियल बोटानं फिरवून पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, इथं मोठं चाक हवं, याच्यानं ओढ लागणार नाही. माणूस पारखी निघाला. मोठं चाक एकच होतं, 57 दाती, आणि ते क्रेनमध्ये होतं.

"तो खोलिए ना," ते म्हणाले, आणि पाना स्वतःच उचलला. भाड्याचं पाकीट टेबलावर तसंच राहिलं.