एका ट्रकला एक शर्ट

लातूरच्या एका घरात गेल्या दिवाळीपासून शर्टांची बटणं नाहीशी होत आहेत. घरात उंदीर नाहीत, इस्त्रीवाला वीस वर्षांचा भरवशाचा आहे. संशयित एकच उरतो, तो म्हणजे प्रस्तुत लेखक. त्याने गुन्हा कबूल केला आहे. फक्त त्याला चोरी न म्हणता कच्चा माल म्हणावं, एवढीच त्याची विनंती आहे.

माळ्यावरच्या एका जुन्या दारावर तो लातूरचं नॅरोगेज स्टेशन उभारतो आहे. साल धरलंय १९६७. बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीला सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर. अडीच फुटी रूळ आणि कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, हे त्याचं सूत्र. याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट तयार केलं आणि त्याला ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं. बार्शी लाईटने प्रवास केलेल्यांना या दोन उद्योगांमधला संबंध समजावून सांगावा लागत नाही.

छोट्या रेल्वेच्या दुनियेत सगळ्यात चालणारं माप म्हणजे एकास सत्त्याऐंशी. बार्शी लाईटचे ७६२ मिलीमीटर भागिले ८७ केले की पावणेनऊ येतात आणि नऊ मिलीमीटरचा रूळ विकत मिळतो. नांदेडची, म्हणजे सासुरवाडीची, जुनी मीटरगेज साडेअकरावर येते. तिच्यासाठी बारा मिलीमीटरचा रूळ आहे. अडचण आजच्या ब्रॉडगेजची. तिला सव्वाएकोणीस लागतात आणि जगभर सर्रास मिळतो तो साडेसोळाचा. सध्याची गाडी मापात बसत नाही, मोडीत निघालेल्या बसतात. प्रस्तुत लेखकाला हे फार आवडलं.

घोडं अडलं ते ट्रकपाशी. स्टेशनाबाहेर, मालधक्क्याशी ट्रक नसेल तर ते स्टेशन नव्हे, नुसता देखावा. दुकानातला खेळण्यातला ट्रक खोक्याच्या मापाने बनवलेला असतो. दोन सेंटीमीटरच्या हमालाशेजारी तो उभा केला तर हमालाला चाकाखालून चालत जाता येईल. जर्मन कंपन्यांचे तयार ट्रक मापाला चोख, पण स्टिअरिंग डावीकडे. लातूरच्या मोंढ्यात डावीकडे क्लीनर बसतो. त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं म्हणजे अवघड.

म्हणून ट्रक घरीच करायचा ठरलं. सतरा फुटांचा हौदा म्हणजे जेमतेम सहा सेंटीमीटर. तो लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात होतो. (लातूरच्या लग्नसराईत कच्च्या मालाची टंचाई पडत नाही.) फळ्या आईस्क्रीमच्या काड्यांच्या, फाळक्याची साखळी तुटलेल्या पैंजणाची, ताडपत्री जुन्या छत्रीची. चाकं मात्र जमेनात. वीस इंची रिमवरचा टायर उभा केला तर मीटरभर भरतो, म्हणजे इथे साडेअकरा मिलीमीटर. आणि शर्टाचं साधं बटण बरोबर तेवढंच निघालं! मधली चार भोकं नटबोल्टसारखी दिसतात. खऱ्या चाकाला नट जास्त असतात, पण चार भोकांपलीकडचं बटण कुणी शिवत नाही. पुढे दोन, मागे जोडीजोडीने चार आणि स्टेपनीचं एक, अशी सात. शर्टाच्या पुढच्या पट्टीवरही सातच. निसर्गाची अशी संगती पाहून प्रस्तुत लेखक काही वेळ गप्प बसून राहिला. तो गप्प का आहे याची घरात चौकशी झाली आणि कपाटाला कुलूप लागलं.

गंजगोलाई करायचा मोह त्यामुळेच सोडावा लागला. मध्ये देवीचं मंदिर आणि भोवती फुटणारे सोळा रस्ते. रस्त्यागणिक दोन ट्रक धरले तरी बत्तीस शर्ट.

हौद्यात माल काय भरायचा? लातूर म्हणजे तूर, यात वाद नाही. पण क्विंटलचं पोतं या मापात अकरा-बारा मिलीमीटरचं होतं आणि तुरीचा दाणा त्यापुढे पिशवीएवढाच दिसतो. पुष्कळ डाळी-कडधान्यं मोजून पाहिली. शेवटी बारीक राजमा बसला. तुरीच्या पेठेत तुरीची पोती राजम्याची निघावीत, हे कुठल्याही आडत्याला सांगण्यासारखं नाही.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. तिथे बाकी सगळे गाड्या पाहत होते, प्रस्तुत लेखक रस्ते. हॅम्बुर्गच्या प्रसिद्ध प्रदर्शनात तर ट्रक स्वतः धावतात: रस्त्याखाली पोलादी तार पुरलेली असते आणि पुढच्या चाकांजवळचा लोहचुंबक तिच्या मागोमाग गाडी वळवतो. हे माळ्यावर करून पाहायचं होतं. पण रस्ता खराखुरा करायचा तर खड्डे हवेत, आणि खड्डे केले की तार उघडी पडते.

पहिला ट्रक पुरा झाल्यावर नांदेडहून सासरे आले. नव्या मोंढ्यात आडतीवर मुनीम म्हणून त्यांची हयात गेली. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, “जावईबापू, हे काय करायलाव?” सांगून झाल्यावर ट्रक तळहातावर घेऊन म्हणाले, “सदुसष्ट साल म्हणता, मग नाकावर टाटाचा टी कसा?”

बिनतोड. टाटांनी जमशेदपूरला डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक काढले ते १९५४ पासून. करार पंधरा वर्षांचा. १९६९ पर्यंत जाळीवर मर्सिडीजचा तारा होता, टी आला नंतर. तारा या मापात दोन-अडीच मिलीमीटरचा. तो ब्लाउजच्या टिकलीतून कापला, आणि त्यावरून घरात जे झालं ते बटणांच्या वेळी झालं नव्हतं.

शेजारच्या पोराचा आक्षेप वेगळाच. “काका, लातूर आणि टँकर नाही?” त्याने शहर ओळखलं ते २०१६ चं, जेव्हा एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी रेल्वेने आलं होतं. सालाचा नियम मोडून होमिओपॅथीच्या बाटलीचा एक टँकर झाला. हिशोबाने त्यात पाच-साडेपाच हजार लिटर मावतात. मालधक्क्यावर सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच होतं.

आजमितीला दारावर दहा गाड्या उभ्या आहेत, सत्तर बटणांवर. बार्शी लाईटचं इंजिन तयार मिळत नाही, ते पितळी पत्र्यातून घरीच करावं लागेल. त्याची चाकं अजून सापडलेली नाहीत. कोटाची बटणं समोर दिसतात, पण कोट लग्नातला आहे.