उत्तरेकडचे पाहुणे

नोव्हेंबर लागला की मेक्सिकोतल्या सान मिगेल दे आयेंदे या गावात उत्तरेकडून दोन प्रकारचे पाहुणे उतरतात: बदकं आणि पेन्शनर. दोघंही कॅनडा-अमेरिकेच्या थंडीला कंटाळलेले असतात. पेन्शनर गावाजवळच्या आयेंदे धरणावर जाऊन दुर्बिणीतून तासन्‌तास बदकं बघतात. बदकं पेन्शनरांकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

धरण लाहा नदीवर आहे. तिकडचा मुख्य पाऊसही आपल्यासारखाच, जून ते सप्टेंबर. त्यामुळे आपल्याकडे दिवाळीची गडबड असते आणि तिकडे १ व २ नोव्हेंबरला पितरांचा सण, तेव्हा पाहुण्यांना पाण्याची ददात नसते. पांढरे पेलिकन येतात, आणि थापट्या. हो, उजनीवर येतो तोच, तीच पसरट चोच! उजनीचा उत्तर आशियातून आलेला, हा उत्तर अमेरिकेतून. एवढं विमानभाडं भरून सोलापूरकराने ओळखीचंच बदक बघायचं, म्हणजे कमाल आहे.

झुडपांतले वॉर्बलर त्याहून छळवादी. वसंतात नटूनथटून फिरणारे कित्येक जण शरदात मळकट पिवळे होऊन बसतात. रॉजर टोरी पीटरसन यांच्या पक्ष्यांवरच्या प्रसिद्ध पुस्तकात या गोंधळासाठी खास चित्रपानं आहेत. पण पुस्तकातला पक्षी हलत नाही. झाडावरचा दिसेपर्यंत पानाआड जातो, आणि त्याच्या शेपटीच्या टोकावरून दोन सभ्य गृहस्थांचं बोलणं बंद होतं.

मला विचाराल तर खरा मानकरी गावातलाच, सानाते. काळानिळा, लांब शेपटीचा, भलताच आगाऊ. आउइत्सोत्ल या अझ्टेक राजाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे पक्षी मेक्सिकोच्या आखाताकडून आपल्या राजधानीत आणवले आणि त्यांना दगड मारायची रयतेला मनाई केली, असं सहागुन या पाद्र्याने नोंदवून ठेवलंय. राजा गेला, राज्य गेलं, पक्ष्याचा तोरा तेवढा शाबूत आहे. संध्याकाळी मुख्य चौकातल्या नीट छाटलेल्या झाडांवर (ही झाडं म्हणजे आपलं नांदरूक) ही मंडळी मुक्कामाला येतात आणि एसटीत जागा धरताना होतो तसला कल्ला करतात. पक्ष्यांच्या यादीत यांच्या नावापुढे मात्र कोणी पेन्शनर कौतुकाने खूण करत नाही. हा शुद्ध अन्याय आहे.

तुम्ही गेलात तर सानातेची नोंद आवर्जून करा. फक्त बसताना नांदरुकाखालचं बाकडं टाळा.