वर्चस्व आपले आणि त्यांचे
फॉर्म्युला वनमध्ये आपल्या संघाने सगळे जिंकले तर ते कौशल्य असते. दुसऱ्याने जिंकले की खेळाची रया जाते. २०२३ मध्ये रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती मारल्या. उरलेली सिंगापूरची शर्यत फेरारीच्या कार्लोस साइन्झने जिंकली आणि अनेकांचा खेळावरचा विश्वास रात्रीपुरता परत आला (तिथली शर्यत रात्रीच होते). त्याआधी २०१४ ते २०२१ सलग आठ वर्षे संघांचे विजेतेपद मर्सिडीजकडे होते. तेव्हा कंटाळलेले निराळे, एवढाच फरक. २००२ मध्ये मायकेल शूमाकरने सहा शर्यती बाकी असताना, जुलैतच विजेतेपद खिशात घातले. चुरस वाढावी म्हणून पुढच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाला सहाऐवजी आठ गुण मिळू लागले. चुरस वाढली, शूमाकर दोन गुणांनी जिंकला.

१९८८ चे मात्र कोणी नाव काढत नाही. मॅक्लारेनने तेव्हा १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या होत्या, पण तो सुवर्णकाळ! सेना आणि प्रॉस्ट हे दोन चालक एकाच संघात राहून एकमेकांना पाण्यात पाहत होते ना. २०२१ मध्ये अबू धाबीत जगज्जेता थेट शेवटच्या फेरीत ठरला, म्हणजे हवी तेवढी करमणूक झाली. त्यावर हरलेल्या हॅमिल्टनच्या चाहत्यांनी नियमावली उघडून कलमे वाचायला घेतली.