फ्लॅट तीन बेडरूमचा, मशीन सेमी!

ऐकलंत की नाही? सी विंगमध्ये अकराव्या मजल्यावर सेमी ऑटोमॅटिक आलं. हो, सेमी! शेजारीशेजारी दोन टब, निळी झाकणं, आणि पिळला की कुरकुरत शून्यावर परत येणारा टायमर. घर तीन बेडरूमचं, साहेब आयटीत, बाईसाहेब बँकेत, घरातले दिवेसुद्धा फोनवरून लागतात-विझतात. आणि धुण्याच्या बाल्कनीत जाऊन बसलं काय, तर हे. खोका वर जाताना वॉचमनने पाहिला, त्याने इस्त्रीवाल्याला सांगितलं, आणि इस्त्रीवाल्याला कळल्यावर बाणेरात कुणाला कळायचं राहिलं नाही.

पहिल्या दिवशी लोकांनी सभ्यपणे वाईट वाटून घेतलं. आयटीत सध्या काय चाललंय ते दिसतंच आहे, हप्ते थकले असतील बिचाऱ्यांचे. दुसऱ्या दिवशी कळलं की तसलं काही नाही, त्यांनी ते मुद्दाम घेतलंय. विचार करून! पैसे असताना! तेव्हा मात्र सोसायटी खरी हादरली. अडचण कुणालाही येऊ शकते हो, पण तत्त्व म्हणजे अतिच झालं.

तत्त्वामागची हकिगत बाई स्वतःच सांगतात, लिफ्ट येईपर्यंत संपते. आधीचं फ्रंट लोड सहाव्या वर्षी एका सकाळी गप्प झालं. दिवा लागेना, दार उघडेना, आत साहेबांचे सगळे पांढरे शर्ट. टेक्निशियन आला, पाच मिनिटं मागेपुढे पाहिलं आणि म्हणाला, ‘मॅडम, बोर्ड गेला.’ बोर्डाचा भाव ऐकून मॅडम स्टुलावर बसल्या. तर हा म्हणतो, ‘बदलून देतो, पण पुढे किती चालेल ते मी सांगू शकत नाही. त्यापेक्षा एक्स्चेंज ऑफर चालू आहे.’ मॅडमनी त्याला चहा दिला नाही, असं आतल्या गोटातून कळतं.

एकट्या सी विंगची गोष्ट असती तर मी कशाला तोंड उघडलं असतं? पण वारंच उलटं फिरलंय. नवं मशीन आलं की त्यावर फुलाफुलांचं कव्हर घालून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचं, हा आपला मध्यमवर्गीय धर्म. आता दाखवायचं ते जुनं! परवा एका मुंजीच्या पंगतीत बटुराजा राहिला बाजूला, पहिल्या भातालाच चढाओढ सुरू. ‘आमचं २००४ चं, अजून खणखणीत.’ ‘आमचं २००१ चं, फक्त बेल्ट बदललाय.’ तेवढ्यात संभाजीनगरचे मामा शांतपणे म्हणाले, ‘आमचं व्हिडिओकॉन.’ पंगत गार. कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली, मामांचं मशीन मात्र रोज सकाळी सातला पाणी भरतंय. मामांना जिलबीचा जेवढा आग्रह झाला तेवढा व्याह्यांनाही झाला नसेल.

यात एक लबाडी आहे, पण ती पंगतीत बोलायची नसते. २००१ साली घेतलेली जी मशीनं २००५ मध्ये बसली, ती भंगारात गेली. ती मुंजीला येत नाहीत. आणि तेव्हा मशीन घ्यायला दोन-तीन महिन्यांचा पगार एकत्र ठेवावा लागे, म्हणून बिघडलं की दुरुस्तच करत. तरी हा नुसता म्हाताऱ्यांचा गहिवर आहे असंही समजू नका. जर्मनीत सरकारी खर्चाने अभ्यास झाला. घरातली मोठी उपकरणं पहिल्या ५ वर्षांतच बिघडून बदलावी लागण्याचं प्रमाण २००४ साली ३.५ टक्के होतं, ते २०१२ साली ८.३ टक्के झालं. जर्मनांचं हे, मग आपल्याकडे टँकरचं पाणी आणि झोके घेणारं व्होल्टेज असताना काय अपेक्षा करायची?

आता ज्यांचं मशीन खरंच गेलंय त्यांचे हाल ऐका. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी एक्सेल शीट केलीय म्हणे. बावीस मॉडेलं आणि मराठी माणसाला शोभेल अशी रंगसंगती. त्यात ‘मोटर वॉरंटी’ हा रकाना हिरवा. कुणी १० वर्षं देतं, कुणी २०. एवढी उदारता कशी, हे मात्र शीटमध्ये नाही. अहो, मोटर सहसा जातच नाही! जातो तो बोर्ड, जातं ते तोंडाचं रबर, जातं ते बेअरिंग. त्यावर काय, तर दोन वर्षं, आणि उंदराने वायर कुरतडली तर तीही बहुधा नाही. मशीन भंगारात जाईल, पण मोटर तिथेही वॉरंटीत असेल.

बेअरिंगची भानगड तर कुणाच्या घरात सांगू नये अशी. ड्रमच्या मागच्या आसावर ते बसतं, त्याच्या पुढे पाणी अडवणारं एक रबरी सील. सील झिजलं की साबणाचं पाणी बेअरिंगमध्ये उतरतं, गंज चढतो, आणि पिळायची वेळ आली की सगळा मजला जागा होतो. वस्तू तळहातावर मावेल एवढी. पण हल्ली बऱ्याच मशीनमध्ये बाहेरचा प्लॅस्टिकचा टब दोन अर्धे भाग वितळवून एकमेकांना जोडलेला असतो, स्क्रू नाहीतच. म्हणजे आतलं काढायचं तर अख्खा टब बदला. ड्रम ज्यावर तोललेला असतो तो तीन पायांचा अॅल्युमिनियमचा स्पायडर, तो साबणाच्या थरात हळूहळू खाल्ला जातो आणि एके दिवशी मोडतो. बोर्डाचं तर विचारूच नका. ओल लागू नये म्हणून त्यावर रेझिनचा थर ओततात. ओल आत जात नाही हे खरं, पण दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्नही जात नाही. काही पठ्ठे ते रेझिन सुरीने खरवडून आत पोचतात. अशांना या शहरात देवासारखा मान आहे.

मानाचं अतिशयोक्त वाटतंय? आमच्या इथे एक मेकॅनिक आहे, स्कूटरला पान्यांची पिशवी लटकवून येतो. त्याचा नंबर एका वहिनींनी सख्ख्या नणंदेला दिला नाही. ‘हरवला’ म्हणाल्या. नणंदेने त्यांच्याच फोनमध्ये तो ‘गणपती डेकोरेशन’ या नावाखाली शोधून काढला, आणि आता दिवाळीला काय होतं ते बघायचं. त्याला विचारलं की कुठलं घेऊ, तर तो कंपनीचं नाव घेतच नाही. म्हणतो, ‘ज्याचा पार्ट तपकीर गल्लीत मिळतो ते घ्या. स्क्रीनवर बोट लावायचं असेल तर मला फोन करू नका.’ एवढं बोलून तो पावडरचा डबा उघडून बघतो आणि मान हलवतो. आपण सगळे दुप्पट पावडर घालतो, फेस दिसला नाही तर आपल्याला धुतल्यासारखंच वाटत नाही. त्यात बोअरचं पाणी. क्षार हीटरवर चढतात, साबण रबराच्या घडीत साचतो, मग कुबट वास, आणि मग आपण म्हणतो, कंपनीने फसवलं.

न्यू जर्सीतल्या भाचीचं कळलं का? तिथेही हेच लोण. तिने हजार डॉलरच्या वर मोजून स्पीड क्वीन घेतलं. दिसायला हॉस्पिटलच्या तळघरातलं. काच नाही, गाणं वाजवत नाही, फोनशी बोलत नाही. ही विस्कॉन्सिनमधल्या रिपन गावची कंपनी, लॉन्ड्रीवाल्यांनाही मशीनं पुरवणारी. २५ वर्षं, म्हणजे १०,४०० धुणी, अशी चाचणी घेतल्याचं ती सांगते. २०१८ साली तिने मॉडेल बदलून पाण्याची काटकसर करणारी नवी पद्धत आणली, तेव्हा भक्तांनी असा आकांत केला की जुन्या पद्धतीचं मशीन पुन्हा विक्रीला आणावं लागलं. अमेरिकेत! जिथे जुनं म्हणजे ‘व्हिंटेज’ नाहीतर कचरा, तिथे! जावईबापू आता पाहुण्यांना घर दाखवताना आधी तळघरात नेतात. ज्या देशात १९६७ पासून मेटॅग कंपनीच्या जाहिरातीत कामच नसल्याने कंटाळलेला मेकॅनिक दाखवायचे, तिथली ही अवस्था. ती मेटॅगही २००६ साली व्हर्लपूलने घेतली आणि पुढच्याच वर्षी आयोवातल्या न्यूटन गावचा तिचा कारखाना बंद झाला. त्या जाहिरातीतल्या मेकॅनिकला आता कामाला तोटा नसता.

ड्रायरचं प्रकरण वेगळं आणि जास्त चटकदार. आपल्याकडे ड्रायर म्हणजे सेमीचा दुसरा टब. कपडे नीट चेपून वर ती गोल जाळीची चकती दाबली नाही तर सबंध मशीन बाथरूमच्या दारापर्यंत नाचत येतं. बाकी वाळवायला वलण होती, उंच दांडी होती, नऊवारी काठीने वर चढवायची कला होती. आता टॉवरवाल्यांचा नियम आला: बाहेरून कपडे दिसता कामा नयेत, ‘एलेव्हेशन’ बिघडतं. लोकांनी चड्ड्या वाळवाव्यात की एलेव्हेशन सांभाळावं? त्यातून मुंबईचा जुलै. मग ठाण्याच्या आत्याबाईंनी घेतलं कॉम्बो, एकाच पोटात धुणारं आणि वाळवणारं. दुकानदाराने ८ किलो सांगितलं. वाळवायला ५ किलोच, हे बारीक अक्षरात. म्हणजे ८ किलो धुवायचे, त्यातले ३ किलो ओले बाहेर काढून त्याच्यासमोर उभं राहायचं. पाच-सहा तास घुरघुर. आणि ऐका, अशा बऱ्याच कॉम्बोंत कपड्यांतून निघालेली वाफ थंड करायला नळाचं पाणी सोडतात. कपडे वाळवायला पाणी! टाकी आटली की ठाण्यात कपडे वाळत नाहीत, असा चमत्कार आत्याबाईंच्या घरी घडतो. हीट पंपवाला वेगळा ड्रायर घेतला तर वीजही कमी लागते आणि पाणी तर नाहीच, पण तो ठेवायचा कुठे? देवघर हलवायचं बोलणं एकदा निघालं होतं. आजींनी ते तिथेच मोडलं.

आता मी जे बोलणार आहे त्यावरून भिशीतून माझं नाव कापलं गेलं तरी चालेल. नॉर्वेतल्या संशोधकांनी जुन्या नोंदी चाळल्या. वॉशिंग मशीनचं आयुष्य १९ वर्षांवरून साडेदहाच्या आसपास आलंय, हे खरंच. पण कारण शोधायला गेले तर कंपनीच्या दारात पोचण्याआधी धुण्याच्या टोपलीत अडकले. १९६० च्या सुमारास तिथलं घर आठवड्याला दोनदा मशीन लावायचं. २००० सालापर्यंत ते आठदा लावू लागलं. म्हणजे वर्षं कमी भरली तरी यंत्र एकूण पूर्वीपेक्षा जास्तच राबतं. हे वाचलं आणि मला आमचा मजला डोळ्यांपुढे दिसला. एकदा अंग पुसलेला टॉवेल मशीनला. जिमचा टीशर्ट वेगळा. नातवाची दुपटी वेगळी, सॅनिटाइझ मोडवर. जीन्स तर दोन तास घालून बदलली की धुण्यात. सेमीच्या काळात साबणाचं एकच पाणी आधी पांढऱ्यांना, मग रंगीतांना, शेवटी पायपुसण्यांना जायचं. आता चार रुमालांसाठी चार किलोचं चक्र फिरतं, आणि वर आपणच म्हणणार, हल्लीची मशीनं टिकत नाहीत बाई!

कंपन्यांना मोकळं सोडा असं नाही म्हणत मी. युरोपात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग १० वर्षं पुरवावे लागतात. फ्रान्समध्ये एप्रिल २०२५ पासून मशीनवर टिकाऊपणाचे गुण छापून येतात, दहापैकी. आपल्या सरकारनेही २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलंय. बी विंगच्या गृहस्थांनी ते उघडून पाहिलं आणि एक्सेलमध्ये रकाना वाढवला. मशीन अजून घेतलेलं नाही. घरातल्या मंडळी तीन आठवडे माहेरी धुणं पाठवताहेत.

आणि सर्वात ताजी बातमी. अकराव्या मजल्यावरच्यांनी ते मेलेलं फ्रंट लोड एक्स्चेंजमध्ये दिलंच नाही, पार्किंगच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलं. सेक्रेटरींनी ‘सात दिवसांत हलवावे’ अशी नोटीस चिकटवली. पण सात दिवस कोण थांबतंय? तिसऱ्याच दिवशी ड्रेन पंप ए विंगला गेला, तोंडाचं रबर डॉक्टरीणबाईंनी उचललं, आणि वॉरंटीतली ती मोटर म्हणे खुद्द सेक्रेटरींच्याच घरी आहे. राहिली दाराची फुगीर काच. तिच्यावर पाचव्या मजल्यावरच्या काकूंचा डोळा आहे. कोशिंबिरीला असं भांडं बाजारात मिळत नाही म्हणतात.