लेबलमाहात्म्य

प्रत्येक सत्राच्या अखेरीस पालकांच्या मोबाइलवर जी सूचना येऊन पडते, तिच्यातील तीन वाक्ये मराठी गद्याच्या अभ्यासकांनी जपून ठेवावीत अशी आहेत : 'प्रकल्पाच्या फाइलीवरील लेबल विद्यार्थ्याने स्वतः तयार करावे. लेबल आकर्षक व अक्षर सुंदर असावे. आवश्यकता वाटल्यास पालकांनी लिहून द्यावे.' पहिले वाक्य हा विधी, म्हणजे करावयाच्या कर्माची आज्ञा. दुसरे हे त्या कर्माचे लक्षण. आणि तिसरे हा अपवाद, अशी त्यांची शास्त्रोक्त मांडणी करता येते. मात्र शास्त्रात अपवाद नियमाला मर्यादा घालतो, तर येथे तो नियमाला गिळून वर ढेकर देतो. आठ वर्षांच्या मुलाचे अक्षर आठ वर्षांच्या मुलासारखेच असल्यामुळे ही 'आवश्यकता' प्रत्येक घरात, प्रत्येक सत्रात, रविवारी रात्री साडेदहाच्या सुमारास हमखास उत्पन्न होते.

लेबल म्हणजे वहीच्या किंवा फाइलीच्या दर्शनी भागावर चिकटवलेला, नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक आणि विषय सांगणारा कागद. त्याला 'नामपट्टी' असा प्रतिशब्द सुचवता येईल, परंतु दुकानात नामपट्टी मागणाऱ्या ग्राहकाला दारावरच्या पाट्या करणाऱ्याचा पत्ता सांगितला जातो, त्यामुळे येथे रूढ शब्दच ठेवला आहे. एके काळी हे लेबल पांढरे, तांबड्या रेघेच्या चौकटीचे आणि मागून डिंक लावलेले असे. जिभेवर फिरवले, खाकी कव्हरावर थापले आणि तळहाताने दाबले की झाले. वही हरवली तर ती कोणाची हे कळावे, एवढ्यासाठीच त्याचा जन्म होता.

आजच्या लेबलाची रचना थरांची असून खडकाप्रमाणे ती खालून वर वाचावी लागते. तळाशी कार्डशीट, त्यावर घोटीव कागद, त्यावर नागमोडी कडांचा दुसऱ्या रंगाचा कागद, भोवती ब्लाउजला लावून उरलेली लेस, लेसच्या चार कोपऱ्यांत चार टिकल्या, डाव्या अंगाला आइस्क्रीमच्या काड्यांचे कुंपण, उजव्या अंगाला क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून केलेली फुले, आणि या सर्व वैभवातून उरलेल्या आगपेटीएवढ्या जागेत मुलाचे नाव. हे नाव लांब असल्यास, आणि मराठी माणसाचे नाव वडिलांच्या नावासह लांब असतेच, आडनावाचा शेवट फुलांखाली जातो. फाइलीच्या दोन भोकांमधील अंतर आंतरराष्ट्रीय मानकाने ८० मिलिमीटर ठरवून दिले आहे, जेणेकरून एका देशातील कागद दुसऱ्या देशातील फाइलीत बसावा. मुखपृष्ठाच्या उंचीबद्दल मात्र ते मानक मौन बाळगते, कारण ते ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लेस नव्हती. परिणामी पन्नास फाइलींचा ढीग शिक्षिकेच्या टेबलावर सरळ उभा राहत नाही. तो आधी डोंगरासारखा फुगतो आणि मग दरडीसारखा कोसळतो.

या लेबलावरील अखेरचा थर चमकीचा असतो. चमकी म्हणजे प्लास्टिकच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन त्याचे केलेले सूक्ष्म, बहुधा षटकोनी तुकडे. ती डिंकाने चिकटते असा समज आहे. प्रत्यक्षात ती डिंक सोडून इतर सर्व पृष्ठभागांना चिकटते. रविवारी रात्री लेबलावर भुरभुरवलेली चमकी सोमवारी सकाळी आजोबांच्या भुवयांवर, दुपारी वरणात, संध्याकाळी वडिलांच्या कार्यालयातील शर्टावर आणि मंगळवारी वर्गाच्या हजेरीपुस्तकात आढळते. वडिलांना त्या शर्टाबद्दल कार्यालयात जी विचारणा होते, तिचे खरे उत्तर कोणालाही पटत नाही. केर काढल्याने ती जात नाही, फडक्याने पसरते, पाण्याने वाहते आणि नाल्यातून नदीकडे मार्गस्थ होते. याच कारणास्तव ऑक्टोबर २०२३ पासून युरोपातील सत्तावीस देशांत सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आले, आणि महाराष्ट्रातही सजावटीच्या थर्माकोलवर मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी घातली. येथे जिज्ञासू वाचक विचारील की, इतक्या चमकीने आणि थर्माकोलच्या कोरीव अक्षरांनी नटलेल्या, वरून पारदर्शक प्लास्टिकचे कव्हर चढवलेल्या त्या फाइलीचा विषय तरी कोणता असावा. विषय असतो 'प्लास्टिकमुक्त परिसर'. त्याच्या शेजारची फाइल 'झाडे वाचवा' या विषयावर असते आणि तिला सात कार्डशीट लागलेले असतात.

फाइलीच्या आत काय असते, याचा विचार ओघाने आला म्हणून करावयाचा. आत दुकानातून आणलेल्या चित्रतक्त्यावरून कापलेली चित्रे असतात. चित्रतक्ता म्हणजे समाजसुधारक, वाहतुकीची साधने किंवा पाळीव प्राणी यांची छोटी चित्रे ओळीने छापलेला, कापून चिकटवण्यासाठीच विकला जाणारा कागद. वर्गातील पन्नास मुले तो एकाच दुकानातून घेत असल्याने पन्नास फाइलींतील गाय एकच असते आणि ती त्याच दिशेला पाहत असते. चित्रांखालचा मजकूर मोठ्या बहिणीने इंटरनेटवरून उतरवलेला असतो, आणि तो वाचण्याचे बंधन लिहिणाऱ्यावर किंवा तपासणाऱ्यावर नसते.

वास्तविक हा सर्व खटाटोप एका चांगल्या कल्पनेचे श्राद्ध आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम २९ असे सांगते की, मुलाने कृतीतून आणि शोधातून शिकावे, आणि त्याला काय समजले व ते त्याला वापरता येते काय, याचे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन व्हावे. त्याला अनुसरून महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक मूल्यमापन, म्हणजे मूल शिकत असतानाच त्याची प्रगती पाहत राहणे, आणि संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्राअखेरीची परीक्षा, असे दोन भाग झाले. पहिली-दुसरीत १०० पैकी ७० गुण आकारिक भागाकडे गेले, आणि त्याच्या आठ साधनांमध्ये प्रकल्पाला जागा मिळाली. हेतू असा की, मुलाने गल्लीतील नळ किती वेळ गळतो हे मोजावे, आजीला जुन्या बाजाराबद्दल विचारावे आणि मिळाले ते वाकड्या अक्षरांत लिहावे. पण समज मोजायला मुलाशी बोलावे लागते, आणि पन्नास फाइली हाती घेऊन बसलेल्या शिक्षिकेला त्या तपासण्यासाठी एकच रविवार मिळत असल्याने, हाती लागते ती वरून दिसणारी गोष्ट. लेबल वरून दिसते. म्हणून गुण लेबलाला मिळतात.

येथपर्यंतची चर्चा तटस्थ वृत्तीने करता आली. पुढील बाब तशी करता येत नाही. त्याच वर्गात एक मूल असे असते की, ज्याची आई चार घरची भांडी घासून रात्री नऊला परतते, आणि जिच्या घरात उरलेली लेस नसते कारण पुरलेली लेसही नसते. ते मूल जुन्या वहीचे कोरे पान फाडते, पट्टीने चौकट आखते, शिळ्या भाताच्या चार शितांनी ते पान फाइलीवर चिकटवते आणि स्वतःचे नाव स्वतः लिहिते. 'ज्ञानेश्वर'मधला 'ज्ञ' दोनदा खोडावा लागतो, तिसऱ्यांदा जमतो. सूचनेतील पहिले वाक्य पाळणारे सबंध वर्गात ते एकटेच. त्याच्या फाइलीवर तांबड्या शाईत शेरा येतो, 'सजावटीकडे लक्ष द्यावे', आणि दुसऱ्याच्या आईने केलेली फाइल सर्वांना दिसेल अशी फळ्याजवळ मांडली जाते. ही निव्वळ लबाडी आहे. आणि ती शिकवली जात असल्याने ती चोरीपेक्षा वाईट आहे. काम दुसऱ्याने करायचे, नाव आपले लावायचे आणि शाबासकी मान खाली न घालता घ्यायची, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसूनही राज्यातील मुलांना तोच सर्वांत पक्का पाठ होतो. त्यांच्यापैकी काही जण पुढे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रबंधावर आपले नाव घालतात तेव्हा समाज आश्चर्य व्यक्त करतो. तिसरीतले लेबल कोणी लिहिले होते, हे त्या वेळी कोणी विचारलेले नसते.

या फाइलींचे खरोखरीचे मूल्यमापन अखेर मे महिन्यात, रद्दीवाल्याच्या हातून होते. तो फाइल उघडतो, मुखपृष्ठ एका झटक्यात फाडून बाजूला टाकतो, कारण डिंक, प्लास्टिक आणि लेस यांना रद्दीचा भाव नाही, आणि आतले कागद तेवढे काट्यावर ठेवतो. वर्षभरात आशयाला गुण देणारा हा पहिला परीक्षक. बाजूला पडलेले लेबल मात्र टाकून दिले जात नाही. आई ते उचलते, पदराने पुसते आणि शिवणाच्या डब्यात ठेवते, कारण लेस अजून चांगली आहे, टिकल्याही दोनच पडल्या आहेत, आणि पुढच्या वर्षी फक्त इयत्ता तेवढी बदलावी लागेल.