वादक

एरवी हा गडी उन्हं वर आल्याशिवाय उठत नाही. आईने गॅसची टाकी नुसती सरकवायला सांगितली तरी त्याची पाठ धरते. किराणा घरपोच येतो, कारण खालच्या दुकानापर्यंत जाऊन आलं की म्हणे कामातलं लक्ष उडतं. पण आषाढ उतरणीला लागला, चौकाचौकांत ‘वादक नोंदणी सुरू’चे फलक झळकले, की याच्या अंगात येतं.

पुण्याच्या ढोलपथकात गेल्यावर माणूस किती बदलावा! सातनंतर मॅनेजरचा मेल आला तर ‘टॉक्सिक कल्चर’ म्हणून तासभर गळा काढणारा हा, नदीपात्रातल्या शेडमध्ये स्वतःहून चार वर्षांनी लहान असलेल्या पथकप्रमुखाच्या शिट्टीसरशी ताठ उभा राहतो. शेड झाड म्हटलं की झाडतो, ढोल ताण म्हटलं की दोर ओढत बसतो. पगार शून्य. उलट गणवेशाचे पैसे याचेच.

एरवी पावसाच्या बातमीकडे ढुंकून न बघणारा आता खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं ते तोंडपाठ सांगतो. भिडे पूल पाण्याखाली गेला की सराव बंद, आणि सराव बंद झाला की हा घरभर जखमी वाघासारखा फिरतो. मग दोन बोटांचा ठेका जेवणाच्या टेबलावर, हेल्मेटवर, लिफ्टच्या दारावर. शेजारच्या आजोबांचा रेडिओ मात्र त्याला मीटिंगमध्ये बिलकुल खपत नाही.

“आई, हळद आहे का गं?”

“दुधात घालून देऊ?”

“छे, कमरेला लावायचीय. ढोल बसलाय.”

बोटांच्या चिकटपट्ट्या आणि कमरेवरचे वळ तो मित्रमंडळींत असे दाखवतो, की पानिपतावरून परतलाय असं वाटावं. बोलणंही बदलतं. “काल हात काय बसला होता! पण ताशा पळाला रे.” ताशावाले नेहमी पळतात, ढोलवाल्यांचं कधीच काही चुकत नाही.

हे सगळं पेशवाईपासून चालत आलंय, असं तो ठासून सांगतो. वास्तविक हा ढोल मुळशी-मावळच्या गावांचा. शहरातल्या शाळकरी पोरांच्या कमरेला तो बांधला ज्ञानप्रबोधिनीच्या आप्पा पेंडशांनी. हे सांगितलं की “हो का?” म्हणतो आणि फेट्याचा शेमला नीट करायला लागतो. फेटा, गॉगल, पांढरा कुर्ता: या तिन्हींशिवाय इतिहासाला शोभा नाही.

अनंत चतुर्दशीला मंडईतून कसबा गणपती निघतो तेव्हा हा तयार होऊन बसलेला असतो. याचं मंडळ मानाच्या पाचांतलं नाही, त्यामुळे नंबर कधी लागेल ते देव जाणे. मिरवणूक २४ तास ओलांडते हे दरवर्षीचंच. बोळात वडापाव खात, ढोलाला टेकून डुलक्या काढत रात्र सरते. पहाटे एकदाचं लक्ष्मी रस्त्यावर वाजवायला मिळतं, तर जेमतेम हात तापतोय तोवर मागून पोलीस ओरडतात, “चला, पुढं चला!”

अलका चौक गाठेपर्यंत ऑफिसची वेळ होते. तिथल्याच फुटपाथवर बसून, न वळणाऱ्या बोटांनी तो मेल टाकतो: रात्रीपासून ताप आहे, आज येऊ शकत नाही.

मॅनेजरचं उत्तर लगेच येतं: ‘विश्रांती घे. कमरेला हळद लाव. मीही तेच करतोय.’